पुसलं की गेलं पाहिजे

मी चौथी शिकलेली बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी कॉम्प्युटरबद्दल लिहिणार आहे आणि कुणाला वाटायला नको की ही कोणी मोठी तज्ज्ञ आहे. मी अर्ज टाइप करते. रत्नागिरीत कचेरीच्या फाटकाबाहेर एका पत्र्याखाली माझं टेबल आहे आणि टेबलासमोर गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. माणूस स्टुलावर बसून बोलतो, मी टाइप करते. चाळीस वर्षं झाली असतील, जास्तच.

ह्या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "काकू, तुमचा प्रवास लिहा." मी म्हटलं, प्रवास कसला? टेबल एकदाच हललं, वादळात पत्रा उडाला तेव्हा. तेही चार फूट. तेव्हा प्रवास नाही, मला जे ठाऊक आहे ते लिहिते.

टायपिंग मी शिकवणीला जाऊन शिकले नाही. एका टायपिंग क्लासात मी केर काढायला होते. दुपारी वर्ग रिकामा असायचा. मशीन पुसता पुसता मी एकेक अक्षर दाबून बघायची. क्लासच्या सरांनी एकदा पाहिलं आणि ओरडायच्या ऐवजी म्हणाले, "बोटं चुकीची वापरत्येस, करंगळी लाव." सरकारी परीक्षेला बसायला शाळा कमी पडली, म्हणून सर्टिफिकेट नाही. पण माझ्या शेजारी सर्टिफिकेटवाले तिघे बसून गेले. ते गेले, मी आहे.

आता धंदा काय ते सांगते, कारण लोकांना वाटतं, नुसतं बडवायचं. नाही. माणूस स्टुलावर बसतो तेव्हा त्याला अर्ज सांगायचा नसतो, त्याला भांडण सांगायचं असतं. ते आधी ऐकावं लागतं. त्यातलं कचेरीच्या कामाचं तेवढं निवडायचं. मग टाइप करायचं, मग कागद मशीनमधून काढायच्या आधी मोठ्याने दोनदा वाचून दाखवायचं. पहिल्या वाचनाला माणूस मान हलवतो. दुसऱ्या वाचनाला म्हणतो, "हे नको, हे काढा." जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. स्वतःचा राग दुसऱ्याच्या तोंडून ऐकला की माणसाला तो जास्त वाटतो. मग तो कागद मी काढून टाकते आणि नवीन लावते.

काढलेले कागद मी टेबलाखालच्या पिशवीत घालते आणि घरी नेऊन सकाळी बंबात जाळते. अंघोळीचं पाणी त्यावरच तापतं. माझ्याकडे किती लोकांच्या घरातलं काय काय आलं असेल! सगळ्याचं पाणी झालं. हा माझा नियम. कुणी शिकवला नाही, पण तो मोडला असता तर माझ्या स्टुलावर कोण बसलं असतं?

गिऱ्हाइकं हरतऱ्हेची. एक रिटायर मास्तर यायचे. त्यांची तक्रार शेजाऱ्याच्या फणसाबद्दल. फणस पडून त्यांची कौलं फुटायची. जुन्या मशीनच्या रिबिनीला अर्धा पट्टा काळा, अर्धा लाल असे. मास्तर म्हणायचे, "पूर्ण अर्ज लाल अक्षरांत हवा. त्यांना कळू दे." मी म्हणायची, "मास्तर, कचेरीत लाल शाईने साहेब लिहितो, तुम्ही नाही." दर वेळी हाच वाद, दर वेळी अर्ज काळाच.

दुसरे हेदवीकडचे एक शेतकरी, गणूभाऊ. त्यांच्या वाडीच्या फाट्यावर एसटी थांबत नाही म्हणून थांबा हवा. दरवर्षी भातकापणी आटपली की येणार, तोच अर्ज, फक्त तारीख बदलायची. मी एकदा विचारलं, "अहो, कंटाळा नाही येत?" म्हणाले, "मी कशाला कंटाळू? थांबा त्यांना द्यायचाय, कंटाळू दे त्यांना."

आणि एक बाई आली होती, नवरा मुंबईला, दोन वर्षं गावाकडे फिरकला नव्हता. हाताने लिहिलेली पत्रं तो वाचत नाही म्हणाली. "काकी, सरकारी वाटेल असं लिहा." मी वरती उजव्या कोपऱ्यात तारीख घातली, विषय घातला, संदर्भ घातला: आपले लग्न. तिसऱ्या दिवशी नवरा हजर. घाबरून आला होता, पण आला.

असो. मशीनने दगा दिला तिथून ही गोष्ट सुरू होते. रिबीन मिळेनाशी झाली, ती मी शाई लावून चालवली. मग 'र'ची कांडी मोडली. दुरुस्त करणारा मिस्त्री आधीच गेला होता. रत्नागिरीत बसून 'र' नसलेल्या मशीनवर काय टाइप करणार? दोन महिने 'र' हाताने भरला. मग माझी भाची सुजाता म्हणाली, "मावशी, बस झालं." ती अलोऱ्याला शाळेत कॉम्प्युटर शिकवते. तिने एका वकिलांच्या बंद झालेल्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर मला घेऊन दिला. अक्षरांची मांडणी जुन्या मशीनसारखीच करून दिली, म्हणून बोटांना काही नवीन शिकावं लागलं नाही.

त्यात वकिलांचाच लिहिण्याचा प्रोग्रॅम होता. मोठा, भरभक्कम. वर तीन रांगा भरून चित्रं. त्यातली दोन मी वापरायची, बाकीची तशीच. शिवाय वकिलांची एक नोटीस त्यात राहून गेलेली, समास, तारखेची जागा, सहीची जागा सगळं नीट लावलेलं. मी म्हटलं, वा, हा नमुना तयारच आहे. आमच्या धंद्यात नमुना म्हणजे अर्धं काम. जुन्या मशीनच्या वेळी मी प्रत्येक प्रकारच्या अर्जाची एक कार्बनप्रत ठेवायची आणि ती बघून नवीन करायची. तेच इथे केलं. ती नोटीस उघडली, मजकूर पुसला, मास्तरांचा फणस घातला, छापला. पुढचं गिऱ्हाईक आलं की फणस पुसायचा, थांबा घालायचा. फाईल एकच. पडद्यावर पुसलेलं दिसत नव्हतं. माझ्या हिशेबी ते बंबात गेलं होतं.

मग नफिसा आली. भाट्याच्या खाडीपलीकडची. नवरा वारल्यावर आईकडे येऊन राहिलेली, आईचं आजारपण तिनेच काढलं. आई गेली. घर बहीण-भाऊ दोघांच्या नावावर. भाऊ इक्बाल कुवेतला, त्याला घर विकून आपला हिस्सा हवा होता. घर विकलं तर नफिसाने जायचं कुठे? फोनवर बरीच ताणाताणी झाल्यावर भाऊ एवढं म्हणाला होता, "तुला काय हवं ते नीट लिहून पाठव. पटलं तर सुट्टीवर येईन तेव्हा सही करतो." तिला हवं होतं एवढंच, की ती जिवंत असेपर्यंत घर विकायचं नाही. तिच्या डोक्यावरचं छप्पर त्या एका कागदावर होतं.

ती स्टुलावर बसली आणि सगळ्यांसारखीच भांडण सांगू लागली. मी टाइप करत गेले. त्यात ती म्हणाली, "लिहा काकी. आई गेली तेव्हा तू मय्यतीला आला नाहीस. तिसऱ्या दिवशी फोन केलास तो कपाटाच्या चाव्या कुठे हायत विचारायला." मी लिहिलं. वाचून दाखवलं. पहिल्यांदा तिने मान हलवली. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "ता काढा काकी. ता नको. भाऊ हाय तो."

मी पुसलं. उरल्या पाच ओळी, चांगल्या, शांत. इक्बाल म्हणाला होता, कागदाचा फोटो नको, फाईलच पाठवा, काही बदलायचं असेल तर मला बदलता येईल. म्हणून फाईल पाठवली.

चार दिवसांनी नफिसा आली ती स्टुलावर बसलीच नाही. उभ्यानेच बोलली. "काकी, तुमी काय पाठवलात त्याला?"

"तू सांगितलंस ते."

"मग त्याला सगळा कसा कळला? आधी विचारतो, हा गणू कोण? त्याच्या एसटीचा आणि आपल्या घराचा काय संबंध? फणस कुणाचा? मी म्हटला, भाई, तुला चढलीय की काय. मग म्हणाला, आणि चाव्यांचा तू लिहिलास तो? मी म्हटला, तो मी काढायला सांगितला होता. म्हणाला, म्हणजे मनात होता ना. आणि फोन ठेवला. आता उचलत नाय."

मला काही कळेना. मी फाईल उघडून तिला दाखवली. पाचच ओळी. ती म्हणाली, "मना दाखवून काय उपयोग?" आणि गेली.

सुजाताला बोलावलं. ती रविवारी आली, फाईल उघडली, वर कुठेतरी एक बटण दाबलं आणि पडदा माझ्याकडे फिरवला. पान लाल झालं होतं. सगळ्यात वर वकिलांची नोटीस, प्रत्येक ओळीवर रेघ मारलेली. खाली मास्तरांचा फणस. खाली गणूभाऊंचा थांबा. खाली नफिसाच्या चाव्या. सगळं रेघ मारलेलं आणि सगळं वाचता येण्यासारखं.

"वकिलांकडे असं ठेवतात मावशी," ती म्हणाली. "कुणी काय बदललं ते कळावं म्हणून. ह्या फाईलला ते चालू राहिलं होतं. तुझ्या पडद्यावर लपवलेलं होतं, त्याच्या कॉम्प्युटरवर उघडं पडलं."

"म्हणजे मी पुसत होते तेव्हा हा साठवत होता?"

"हो."

चाळीस वर्षांत माझ्या टेबलावरचा एक शब्द बाहेर गेला नव्हता. गेला तो थेट कुवेतला.

रडत बसायची मला सवय नाही. आधी मी मास्तरांकडे आणि गणूभाऊंकडे जाऊन सांगितलं, की तुमचा अर्ज माझ्या चुकीने परक्या माणसाने वाचला. गणूभाऊ म्हणाले, "कुवेतला? बरं झालं. तिकडून तरी काही हलतंय का बघू." मास्तर मात्र रागावले ते रागावले. त्यांची तक्रार शेवटी लाल अक्षरांत निघाली, पण हे त्यांना सांगायची सोय राहिली नाही. ते परत माझ्याकडे आले नाहीत. माझ्या स्टुलावरून कायमचं उठलेलं ते एकच गिऱ्हाईक, आणि दोष माझा.

मग सुजाताला म्हटलं, हा प्रोग्रॅम नको. साधा दे. ती म्हणाली, "मावशी, ते बटण बंद केलं की झालं." मी म्हटलं, "एक तू बंद करशील. तीन रांगा आहेत. बाकीची बटणं काय करतात ते तुला तरी माहीत आहे का?" "नाही," ती म्हणाली. शिकवणारी आहे, पण खोटं बोलत नाही.

दुपारभर बसून आम्ही निवड केली. लुगडं घेताना बघतात तसं एकेक बघितलं. एक होता तो इंटरनेटवर चालणारा. आपण लिहीत असतानाच आपोआप दुसरीकडे कुठेतरी ठेवत जातो. मी विचारलं, दुसरीकडे म्हणजे कुठे? ती म्हणाली, कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर. म्हणजे लोकांची भांडणं परक्याच्या कपाटात. नको. दुसरा, कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम बनवतात त्यांच्यासाठी होता, काळं पान, रंगीबेरंगी अक्षरं, प्रत्येक ओळीला नंबर. माझ्या डोळ्यांना तो जत्रेसारखा वाटला. तिसरा कॉम्प्युटरबरोबरच येतो तो. पांढरं पान, फार काही नाही. हा बरा म्हणून मी दोन ओळी लिहिल्या, न ठेवता बंद केला, परत उघडला, तर त्या दोन ओळी पुन्हा उभ्या. न विचारता ठेवलेल्या. "आता नवीन आलंय तसं," सुजाता म्हणाली. "चांगल्यासाठीच असतं, कुणाचं लिहिलेलं जाऊ नये म्हणून." माझ्या धंद्यात ते गेलंच पाहिजे. ते म्हणे बंद करता येतं, पण माझं मन उडालं.

चौथा तिने शोधून काढला, फुकटचा, छोटासा. उघडला की कोरं पान. लिहिलं की अक्षरं. ठळक नाही, तिरपं नाही, खाली रेघ नाही, रंग नाही. मराठी नीट उमटतं आणि दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर तसंच उघडतं. अक्षर मोठं करता येतं, ते मी एवढं मोठं केलं की स्टुलावरच्या माणसालाही वाचता यावं. चुकलं तर पान बंद करेपर्यंत मागे जाता येतं, एकदा बंद केलं की संपलं. आणि बंद करताना तो एकच प्रश्न विचारतो, ठेवायचं की नाही. नाही म्हटलं की नाही.

माझा विश्वास लगेच बसला नाही. मी त्यात सुजाताबद्दल चार वाईट गोष्टी लिहिल्या, दोन पुसल्या, दोन ठेवून फाईल तिच्या मोबाइलवर पाठवली आणि म्हटलं, "काढ शोधून, काय पुसलंय ते." तिने सगळ्या तऱ्हा करून बघितल्या. मिळालं नाही. "पण उरलेल्या दोन तरी कशाला लिहिल्यास?" म्हणाली. मी म्हटलं, त्या खऱ्या आहेत.

गैरसोय आहे, नाही असं नाही. 'विषय' मधोमध आणायचा तर मोकळी जागा मोजून सोडावी लागते. पण जुन्या मशीनवर मी तेच करायची. एवढं मोजायला चौथी पुरते. आता नमुन्याची फाईलही ठेवत नाही. दरवेळी कोरं पान.

पण ह्याने नफिसाचं काही झालं नव्हतं. तिचा भाऊ फोन घेत नव्हता. मी तिच्याकडून नंबर घेतला आणि माझ्या फोनवरून लावला. म्हटलं, "मी रत्नागिरीची टायपिंगवाली. चूक माझी आहे, तिची नाही. तिने ती ओळ काढायला सांगितली होती, माझ्या मशीनने काढली नाही."

तो म्हणाला, "पण बोलली तर होती ना?"

"बोलली. माझ्यासमोर सगळेच बोलतात. मग काढायला सांगतात. बोललेलं धरायचं की काढलेलं, ते तू ठरव. सुट्टीवर येशील तेव्हा माझ्याकडे ये. तुला जे बोलायचं असेल ते मी फुकट टाइप करीन."

फोन मी ठेवेपर्यंत त्याने ठेवला नाही.

तीन महिन्यांनी तो आला. उंच माणूस, इस्त्रीचा शर्ट. नफिसा त्याच्या मागे चार पावलांवर, अशी, की बघणाऱ्याला वाटावं एकत्र आले नाहीत. मी शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून दुसरं स्टूल आणलं.

"काय काकी, तो थांबा झाला का?" त्याने आधी हेच विचारलं.

"नाही. बोल तू."

त्याने पडद्याकडे बघितलं. "ह्यात राहतं का मागचं?"

"नाही."

मग तो बोलू लागला आणि मी टाइप करत गेले. आईची बातमी कळली तेव्हा त्याचा पासपोर्ट साहेबाकडे होता आणि साहेब सोडत नव्हता. तीन दिवस तो खोलीत बसून होता. कपाटाच्या चाव्या त्याने मागितल्या त्या दागिन्यांसाठी नाहीत. आईने त्याची शाळेतली वही त्या कपाटात ठेवली होती, असं तिने एकदा फोनवर सांगितलं होतं. ती असेल का, एवढंच विचारायचं होतं. पण फोनवर नफिसाचा आवाज ऐकला आणि वहीचं तोंडातून येईना, चाव्यांचंच आलं. हे सगळं तो पडद्याकडे बघून बोलला. बहिणीकडे नाही.

मी थांबले. पान भरलं होतं. नियमाप्रमाणे मोठ्याने वाचलं. एकदा. त्याने मान हलवली. दुसऱ्यांदा वाचलं. अर्ध्यावर त्याने हात वर केला.

"हे नको काकी. कराराचं तेवढं घ्या. ती असेपर्यंत घर विकायचं नाही, मी सही करतो."

मी पान बंद करायला गेले. पडद्यावर प्रश्न आला, ठेवायचं का. चाळीस वर्षांत असं काही मी गिऱ्हाइकाला विचारलेलं नाही. काढा म्हटलं की काढायचं. पण त्या दिवशी विचारलं, आणि त्याला नाही, तिला विचारलं.

नफिसाने स्टूल त्याच्या स्टुलाजवळ ओढलं.

"नको काकी," ती म्हणाली. "मी ऐकला."

मी 'नाही'वर दाबलं. पान गेलं. मग कोरं पान घेतलं, वरती मोकळी जागा मोजून सोडली आणि दोघांच्या आईचं नाव विचारलं.